गेम बनवायची नोकरी आणि डिग्रीचा कागद: कोकणातल्या पोरांसाठी वाटाड्या

बारावीचा निकाल लागला की कुडाळच्या आमच्या घरी पडवीत कोणी ना कोणी येऊन बसतंच. सोबत मुलगा किंवा मुलगी, हातात आंब्याची पिशवी आणि ठरलेला प्रश्न. गेल्या वर्षी शेजारचे काका लेकीला घेऊन आले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "बाय, हिका गेम बनवूचे आसत. माका एक सांग, गेम बनवून कोणाचा पोट भरला हा? आणि त्येच्यासाठी कॉलेजात जावक होया की नको?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यासमोरच बसलं होतं, त्यामुळे आम्ही दुसऱ्याकडे वळलो.

मी बी.कॉम. आहे. टॅली शिकले, बँकेच्या दोन परीक्षा दिल्या, आणि आज पुण्यातल्या एका स्टुडिओसाठी घरी बसून गेमप्ले प्रोग्रामिंग करते. अधूनमधून फ्रेशर्सचे अर्ज चाळायचं कामही माझ्याकडे येतं. म्हणजे दाराबाहेर उभी राहूनही झालं आणि आत बसून दार उघडूनही. माझा अनुभव असा की काम करायला डिग्री लागत नाही, पण कामापर्यंत पोचायला काही ठिकाणी लागते. ती ठिकाणं कोणती हे आधी बघायचं, मग फीचे पैसे मोजायचे. आपल्याकडे बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो.

पहिली पायरी: काम कुठलं ते ठरवा

"गेम डेव्हलपर" ही एक नोकरी नाही. रापण ओढताना बघितली आहे ना? होडीतून जाळं टाकत अर्धगोल मारणारे वेगळे, किनाऱ्यावर दोन्ही टोकांना दोर धरून ओढणारे वेगळे, आणि जाळं वर आल्यावर मासळी निवडणाऱ्या बायका वेगळ्या. स्टुडिओत साधारण असंच असतं.

प्रोग्रामर हा त्यातला एक. इंजिन म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर. युनिटी इंजिनवर काम असेल तर सी शार्प ही भाषा, अनरियलवर असेल तर सी प्लस प्लस. डिग्रीची विचारणा सगळ्यात जास्त इथेच होते. मोठ्या स्टुडिओंच्या जाहिरातीत "कॉम्प्युटर सायन्सची पदवी किंवा तेवढ्याच तोडीचा अनुभव" असं लिहिलेलं असतं. त्यातला "किंवा" खरा असतो, पण त्यापुढचा अनुभव दाखवायची जबाबदारी तुमची.

आर्टिस्टचं उलट आहे. थ्रीडी मॉडेल, टेक्श्चर, अॅनिमेशन करणाऱ्याला मी आजवर कोणी मार्कशीट मागताना पाहिलं नाही. पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाचे नमुने, उघडतात, मॉडेलची जाळी बघतात, म्हणजे पॉलिगॉन, मॉडेल ज्यांनी बनतं ते छोटे सपाट तुकडे, किती वापरलेत, खांद्याशी आणि कोपराशी ते नीट वळतील का. दोन मिनिटांत निकाल. भारतातल्या कितीतरी स्टुडिओंचं काम परदेशी गेमसाठी अशा वस्तू, माणसं, इमारती बनवून देण्याचंच आहे, त्यामुळे फ्रेशर आर्टिस्टला जागा जास्त निघतात. सावंतवाडीत लाकडी फळं रंगवणाऱ्या घरातल्या मुलांनी ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर उघडून बघावं असं मला फार वाटतं. ब्लेंडर फुकट आहे आणि रंगाची नजर त्यांच्याकडे आधीच आहे.

टेस्टर, म्हणजे क्यूए, गेममधल्या चुका शोधणारा. इथे कुठलीही पदवी चालते, काही ठिकाणी नसली तरी चालते. मात्र दिवसभर गेम खेळायला पैसे मिळतात अशा समजुतीने येऊ नका. एकच दरवाजा दोनशे वेळा उघडायचा, कधी पळत, कधी उडी मारत, कधी फोन आलेला असताना, आणि एकशे सदतिसाव्या वेळी तो अडकला तर नेमकं काय केल्यावर अडकला ते लिहून द्यायचं. ज्याला हे जमतं त्याला स्टुडिओ सहसा सोडत नाही.

डिझायनर व्हायचं सगळ्यांनाच असतं. "माझ्याकडे भारी आयडिया आहे" असं म्हणणारा आठवड्याला एक तरी भेटतो. फ्रेशर डिझायनरच्या जागा फारच थोड्या असतात. बहुतेक जण टेस्टिंग किंवा प्रोग्रामिंगमधूनच तिकडे सरकतात. गेम डिझाइन रीतसर शिकायचं तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू कॅम्पसला डिजिटल गेम डिझाइनचा एम.डेस., म्हणजे पदव्युत्तर कोर्स, आहे, आणि त्या प्रवेशासाठी आधी पदवी लागते.

दुसरी पायरी: फी भरण्याआधी एक गेम पुरा करा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त अडून बसते. अॅडमिशनच्या आधी दोन-तीन महिने हातात असतात. तेवढ्यात एक गेम बनवा. छोटा, अगदी पाच मिनिटांत संपणारा. पण मेनू आहे, हरता येतं, जिंकता येतं, आवाज आहे, असा पुरा. अर्धवट राहिलेल्या दहा गेमना कोणी विचारत नाही.

त्यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही. गोडो नावाचं इंजिन आहे, मुक्त परवान्याचं, पूर्ण फुकट, आणि साध्या लॅपटॉपवरही धावतं. युनिटीची फुकट आवृत्ती वर्षाला दोन लाख डॉलरच्या उत्पन्नापर्यंत चालते. अनरियलवाले एका गेमने दहा लाख डॉलर कमावल्यावर वरच्या रकमेवर पाच टक्के मागतात. ही चिंता तुम्हाला लवकर लागो, एवढीच माझी इच्छा. सुरुवातीला मी गोडोच सुचवते. त्याची जीडीस्क्रिप्ट नावाची भाषा वाचायला सोपी आहे आणि आपल्याकडच्या इंटरनेटवर डाऊनलोडही पटकन उतरतं.

माझा पहिला गेम रापणीचाच होता. वरून दिसणारी होडी, बोटाने वळवायची, जाळ्याचा अर्धगोल पुरा करायचा. माझ्या फोनवर झकास चालला. मग गणपतीत मुंबईहून आलेल्या मावसभावाने त्याच्या नव्या फोनवर टाकला, तर होडी सुसाट सुटली. दुप्पट वेग! रात्रभर कारण सापडेना. झालं होतं असं की प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, होडी चार पिक्सेल पुढे सरकव, असं मी लिहिलं होतं. माझ्या फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र दाखवायचा, म्हणजे २४० पिक्सेल. त्याचा १२० वेळा, म्हणजे ४८०. उपाय एका ओळीचा: वेग सेकंदाला २४० असा लिहायचा आणि मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्या डेल्टा नावाच्या आकड्याने त्याला गुणायचं. मग पडदा कितीही वेळा बदलो, होडी तेवढीच जाते.

हे मी सविस्तर सांगितलं, कारण पुढे मुलाखतीत मला नेमका हाच प्रश्न आला. समोरच्याने व्याख्या विचारली होती, मी मावसभावाचा फोन सांगितला. बी.कॉम.चा विषय त्यानंतर निघाला नाही.

काय बनवायचं सुचत नसेल तर लांब जाऊ नका. सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, घ्या. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण १२० गोल पानं. आता गंमत बघा. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत हाच क्रम उलटा. शिवाय डाव दिवसा मांडला तर सुरुवात राम ज्याच्याकडे असेल तो करतो, रात्री मांडला तर कृष्णवाला. प्रोग्रामरच्या नजरेने हा उत्तम गृहपाठ आहे: पानांची यादी, पिसणं, तिघांत वाटणं, दोन वेगळे क्रम लावणारा एक नियम, आणि फोनचं घड्याळ बघून डाव सुरू करणं. पुण्यात अर्ज चाळणाऱ्याने साप आणि उडत्या पक्ष्याचे गेम शेकड्यांनी पाहिलेले असतात, गंजिफा नाही.

तीन महिन्यांत एकही गेम पुरा झाला नाही तर? मग तीन-चार लाखांची फी भरण्याआधी कळलं, असं समजा. गेम खेळायची आवड आणि बनवायची आवड यांचा एकमेकींशी संबंध असतोच असं नाही.

तिसरी पायरी: कागद कुठे अडवतो ते बघा

इथे मी स्वप्नं विकणार नाही. डूम हा गाजलेला गेम बनवणाऱ्या जॉन कारमॅकने कॉलेज अर्धवट सोडलं होतं हे सगळ्यांना पाठ असतं. पण निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचा मियामोतो औद्योगिक डिझाइन शिकून १९७७ मध्ये कंपनीत लागला, हे कोणी सांगत नाही. एकट्याच्या उदाहरणावर आपलं आयुष्य बेतू नये.

पहिला अडसर एचआरच्या फॉर्मचा. मोठ्या कंपन्यांत अर्ज माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं. "सर्वोच्च शिक्षण" या रकान्यात बारावी असेल तर काही ठिकाणी अर्ज तिथेच थांबतो. मलाही एका कंपनीच्या फॉर्मने शाखेच्या यादीत कॉमर्स न ठेवून बाहेर काढलं होतं. छोट्या स्टुडिओत हा प्रकार कमी. तिथे टीमचा लीड स्वतः लिंक उघडतो. गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत गेम बनवायच्या स्पर्धेत, ओळखी झाल्या तर फॉर्म भरायची वेळच येत नाही. ग्लोबल गेम जॅम जानेवारीच्या अखेरीला असतो, तेव्हा आपल्याकडे लाईटही बरी असते.

दुसरा अडसर परदेशी व्हिसाचा, आणि तो हुशारीने ओलांडता येत नाही. अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि हिशेब कॉलेजच्या एका वर्षाला कामाची तीन वर्षं असा आहे. म्हणजे चार वर्षांच्या पदवीऐवजी बारा वर्षं काम! आपली तीन वर्षांची बी.एस्सी.सुद्धा तिकडच्या चार वर्षांच्या पदवीला बऱ्याचदा कमी पडते. जपानला पदवी नसेल तर सर्वसाधारणपणे दहा वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. जर्मनीने २०२३ च्या नोव्हेंबरपासून आयटीवाल्यांना पदवीशिवाय, तीन वर्षांच्या अनुभवावर ब्लू कार्डची, म्हणजे तिकडच्या कामाच्या परवान्याची, वाट मोकळी केली आहे. नियम बदलत राहतात, अर्ज करताना त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर ताजे बघा. पण परदेशी जायचं मनात असेल तर पदवी घ्या, यावर माझं दुमत नाही.

तिसरी गोष्ट, धंदाच बेभरवशाचा आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर गेम कंपन्यांनी हजारो लोकांना काढलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला, आणि रमी-पोकरच्या कंपन्यांत गेम डेव्हलपर म्हणून बसलेल्यांच्या खुर्च्या एका आठवड्यात हलल्या. अशा वेळी पदवी असलेला माणूस साध्या सॉफ्टवेअर कंपनीत किंवा बँकेत अर्ज करू शकतो. माझं टॅली मी अजून विसरलेले नाही.

चौथी पायरी: डिग्री घ्यायचीच तर कुठली

स्वस्त, घराजवळची आणि मान्यता असलेली. तिन्ही जमत नसेल तर शेवटची सोडू नका.

प्रोग्रामिंगकडे जायचं असेल तर बी.एस्सी. आयटी, कॉम्प्युटर सायन्स, बीसीए किंवा इंजिनिअरिंग. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बहुतेक कला-विज्ञान-वाणिज्य कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. रायगडात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दहावीनंतर मालवण किंवा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, हाही जुना आणि खात्रीचा रस्ता. घरची बाग किंवा दुकान सांभाळायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, तेव्हा "बाहेरून केलेली" म्हणून कोणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका.

शहरातल्या चकचकीत गेमिंग अॅकॅडम्यांबद्दल मात्र सावध राहा. काही चांगल्या आहेत. पण फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पदवी कुठल्या विद्यापीठाची, आणि ते यूजीसीच्या यादीत आहे का? मागच्या बॅचच्या मुलांचे गेम कुठे खेळायला मिळतील? शिकवणारे कधी गेमवर कामाला होते का? दुसऱ्या प्रश्नाला ब्रोशर पुढे केलं तर उठून या. जमीन गहाण टाकून घ्यावा असा गेमिंगचा कोर्स मी अजून पाहिलेला नाही.

पाचवी पायरी: पोर्टफोलिओ

थोडक्यात सांगते. अर्ज चाळणारी व्यक्ती तुमच्यासाठी फोनवर एपीके, म्हणजे अँड्रॉइडची इन्स्टॉल फाइल, टाकून घेणार नाही, झिप उतरवणार नाही. इच डॉट आयओ या साइटवर गेम फुकट चढवता येतो आणि ब्राउझरमध्येच खेळता येतो. ती लिंक द्या. खाली मिनिटभराचा व्हिडिओ, आणि तुम्ही स्वतः काय केलं ते दोन ओळींत. चार जणांनी मिळून बनवलेला गेम स्वतःचा म्हणून सांगू नका, मुलाखतीत दहा मिनिटांत उघडं पडतं.

प्ले स्टोअरवर टाकायचा असेल तर खात्याचे एकदाच २५ डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला आधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. शहरातले लोक यावरून रडतात. आपल्याकडे वाडीत दोन घरं फिरलं की बारा माणसं होतात, फक्त चौदा दिवस त्यांनी गेम फोनमधून काढू नये म्हणून पाठीमागे लागावं लागतं.

आणि कोड रोज संध्याकाळी गिटहब या कोड साठवायच्या साइटवर चढवा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या माजघरावरची कौलं उडाली आणि पाण्याची धार थेट टेबलावर. सात महिन्यांचं काम त्या एकाच लॅपटॉपमध्ये होतं. लॅपटॉप तांदळाच्या पिंपात ठेवायचा सल्ला सगळ्या वाडीने दिला. पिंपात चार दिवस राहिला, उठला नाही.

सहावी पायरी: टेस्ट आणि मुलाखत

डिग्री असो वा नसो, इथे सगळे एका रांगेत. प्रोग्रामरला व्हेक्टरचं गणित, म्हणजे दिशा आणि अंतर यांचा हिशेब, येतो का ते बघतात. शत्रू खेळाडूच्या पुढ्यात आहे की पाठीमागे, हे खेळाडूची नजर आणि शत्रूची दिशा यांच्या डॉट प्रॉडक्टच्या, म्हणजे एका प्रकारच्या गुणाकाराच्या, चिन्हावरून कसं ओळखाल? अधिक आला तर पुढे, उणे आला तर मागे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला वेळ किती? साधारण १६.६७ मिलिसेकंद. गेममधल्या बंदुकीच्या गोळ्या दर वेळी नव्या बनवून टाकून देण्याऐवजी त्याच त्या परत का वापरायच्या? माझ्या कॉमर्समध्ये यातलं काहीच नव्हतं. धाकट्या भावाचं बारावी सायन्सचं गणिताचं पुस्तक घेऊन व्हेक्टरचा धडा मी तीनदा सोडवला. कॉलेजात शिकवतात ते उगाच नसतं, एवढं तेव्हा कळलं. फक्त ते पुस्तक रद्दीतही मिळतं.

घरी करायची टेस्ट देतात तेव्हा आधी विचारून घ्या: किती तासांचं काम, निकाल कधी, आणि केलेलं काम पोर्टफोलिओत लावलं तर चालेल का. एका ठिकाणी माझ्याकडून पाच दिवस खपून टेस्ट करून घेतली आणि पुढे साधी मेलही आली नाही. हल्ली मी मुलांना सांगते, दोन दिवसांच्या वरची टेस्ट फुकट करू नका. ऑफर आलीच तर बाँडचं कलम वाचा. किती महिने, आणि मध्येच सोडलं तर किती पैसे, हे दोन आकडे आईवडिलांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. पुण्यात युबिसॉफ्ट, सुपरगेमिंग, नॉडिंग हेड्स असे लहानमोठे स्टुडिओ आहेत, मुंबईत आणि बेंगळुरूतही बरेच. पहिलं वर्ष-दीड वर्ष तिकडे जाऊन काढा असं मी म्हणेन. शेजारच्या खुर्चीवरच्याचं काम बघून जे शिकता येतं ते व्हिडिओ कॉलवर येत नाही. मग घरून काम मागा. मागण्याआधी इन्व्हर्टर बसवा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन ठेवा, कारण जूनमध्ये पहिल्या सरीबरोबर लाईट जाते हे पुण्याच्या मॅनेजरला दोनदाच पटतं.

काकांच्या लेकीने जवळच्याच कॉलेजात बी.एस्सी. आयटीला प्रवेश घेतलाय, फी आंब्याच्या पैशांतून भागली. सुट्टीत तिने गंजिफा पुरा केला. परवा मला खेळायला दिला. मी म्हटलं, रात्र सात वाजता सुरू होते असं तू लिहून ठेवलंयस, पण डिसेंबरात आपल्याकडे सहालाच सूर्य बुडतो, तेव्हा साडेसहाला डाव मांडला तर तुझा गेम अजून रामालाच पुढे करेल. ती म्हणाली, "ताई, बग हा तो, माका ठावक आसा," आणि सूर्यास्ताची वेळ तारखेवरून कशी काढायची ते विचारायला वही उघडून बसली.